कोळशाच्या ब्रिकेट: खर्च, पुनर्वापर आणि आरोग्याची काळजी

हिवाळ्यात शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईहून अनेक जण राजगडाच्या पायथ्याशी, गुंजवणे परिसरात मुक्कामाला येतात. तंबू, उघड्यावरची शेगडी, त्यावर पनीर, चिकन किंवा मक्याची कणसे असा बेत असतो. लाकडापेक्षा धूर कमी होतो म्हणून हल्ली कोळशाच्या ब्रिकेट, म्हणजेच कांडी कोळसा, सोबत आणला जातो. जेवण झाल्यावर शेगडीत निखारे उरतात आणि ते फुकट घालवणे जिवावर येते. उरलेला कोळसा पुन्हा वापरता येतो, पण तो विझवूनच. पेटते निखारे ऊब मिळावी म्हणून तंबूत किंवा खोलीत नेणे जिवावर बेतू शकते.

ब्रिकेट कशापासून बनतात?

कोळशाची भुकटी आणि स्टार्चची खळ एकत्र करून, दाबून या कांड्या तयार करतात. ही भुकटी नारळाच्या करवंटीची, लाकडाच्या भुशाची किंवा शेतातील काडीकचऱ्याची असू शकते. उसाच्या पाचटापासून असा कोळसा बनवण्याच्या कामासाठी पुण्याच्या ‘आरती’ या ग्रामीण तंत्रज्ञान संस्थेला २००२ मध्ये अॅशडेन पुरस्कार मिळाला होता. काही कांड्यांना लवकर पेट घेण्यासाठी रसायन लावलेले असते. त्यांचा उग्र वास पूर्ण जाऊन वर पांढरट राख धरल्याशिवाय त्यावर अन्न ठेवू नये.

खर्चाचा हिशोब

पिशवीच्या किमतीकडे न पाहता किलोचा दर काढा. समजा, ३ किलोची पिशवी ३०० रुपयांना मिळाली, तर किलोला १०० रुपये पडले. पाच-सहा जणांच्या जेवणाला दीड किलो कोळसा लागला, तर खर्च १५० रुपये. त्यातला अर्धा किलो न जळता उरला आणि तुम्ही तो नीट विझवून ठेवला, तर बचत ५० रुपये. दर ठिकाणानुसार बदलतील, पण बचत साधारण एवढीच असते. ती जरूर करावी, मात्र तिच्यासाठी कुठलाही धोका पत्करू नये.

खरी बचत पेटवतानाच होते. सगळी पिशवी एकदम ओतू नका. कांड्यांचा एक थर पुरतो. मोठी आच लागणारे पदार्थ आधी करा आणि उतरत्या आचेवर बटाटे, रताळी भाजून घ्या.

उरलेला कोळसा पुन्हा कसा वापरावा?

१. शेगडीला झाकण असेल तर ते लावा आणि हवेची सर्व छिद्रे बंद करा. झाकण नसेल तर घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात चिमट्याने निखारे भरा. हवा मिळाली नाही की कोळसा विझतो.
२. डबा उघड्यावर, मातीवर किंवा दगडावर ठेवा. वरून गार लागला तरी आत विस्तव असू शकतो. २४ तास तो उघडू नका. परतताना तो गाडीत ठेवावा लागणार असेल, तर कोळसा वाचवण्याच्या भानगडीत न पडता पाण्याने पूर्ण विझवा.
३. पाणी थोडे थोडे आणि लांबून ओता, वाफेने हात भाजतो. पाण्यात भिजलेल्या कांड्यांचा चिखल होतो, त्या पुन्हा कामाला येत नाहीत.
४. पुढच्या वेळी जुन्या कांड्यांवरची राख झटकून त्या नव्या कांड्यांत मिसळा. त्या लवकर पेटतात, पण लवकर संपतातही.

ज्या कोळशावर प्लास्टिक किंवा रंग दिलेले लाकूड जळले असेल, तो टाकून द्या. या कोळशाची पूड दात घासायला वापरू नका, दातांचे आवरण झिजते. पोट बिघडले किंवा विषबाधा झाली म्हणून ती खाऊही नये. रुग्णालयात दिला जाणारा औषधी कोळसा वेगळा असतो.

तंबूत निखारे का नेऊ नयेत?

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धूर दिसत नाही म्हणून हवा स्वच्छ आहे असे वाटते. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. त्यामुळे मेंदूला आणि हृदयाला ऑक्सिजन कमी पडतो. झोपलेल्या माणसाला जागही येत नाही. तंबूची चेन थोडी उघडी ठेवणे किंवा निखाऱ्यांवर राख टाकणे हा उपाय नाही.

जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दामन येथे केरळचे ८ पर्यटक एका बंद खोलीत मरण पावले. तिथे गॅसचा हीटर होता, पण बंद खोलीतील कोळशाची शेगडीही अशीच घातक ठरते.

गर्भवती, लहान मुले, वृद्ध आणि हृदयाचे किंवा फुप्फुसाचे आजार असलेल्यांना या वायूचा त्रास लवकर आणि जास्त होतो. थंडीसाठी जाड पांघरूण, कानटोपी, मोजे घ्या. पाऊस आला तर शेगडी तंबूत किंवा गाडीत घेऊ नका, बाहेरच विझवा.

लक्षणे आणि पहिली मदत

डोके दुखणे, चक्कर, मळमळ, उलटी, अशक्तपणा, गोंधळल्यासारखे बोलणे ही लक्षणे आहेत. ‘जेवण बाधले’ किंवा ‘दारू चढली’ असे समजून अशा माणसाला झोपवून ठेवू नका. एकाच तंबूतील दोघा-तिघांना एकदम त्रास झाला, तर आधी या वायूचा संशय घ्या.

सर्वांना तत्काळ मोकळ्या हवेत आणा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा. श्वास थांबला असेल आणि तुम्हाला येत असेल तर छातीवर दाब देण्यास सुरुवात करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. या विषबाधेत तो ९८ टक्केही दाखवू शकतो. डॉक्टरांना ‘शेगडी आत होती’ हे आवर्जून सांगा. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा होण्यास ४ ते ६ तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर साधारण तास-दीड तास. म्हणून बरे वाटू लागले तरी रुग्णालयात जा.

भाजल्यास

निखारे मातीत पुरून ठेवू नका. वरून माती थंड दिसते आणि अनवाणी मुलांचे पाय भाजतात. भाजल्यास त्या जागेवर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडा. बर्फ, टूथपेस्ट, हळद किंवा तेल लावू नका. चेहरा, हात, पाऊल, सांधा किंवा जांघ भाजली असेल, फोड तळहाताहून मोठा असेल किंवा रुग्ण लहान मूल असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

मुक्कामाला निघण्यापूर्वी घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा, चिमटा आणि पाण्याची बादली सामानात आहे का, ते पाहा. झोपण्याआधी शेगडी पूर्ण विझली आहे, हे पाहण्याची जबाबदारी गटातील एकाकडे ठरवून द्या.