फरातकाठचे घर

पुण्यात १८४८ साली मुलींची शाळा भरली ती बुधवार पेठेतल्या भिड्यांच्या वाड्यात. मुंबईत १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन झाला तो डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या घरी. नव्या विचाराला आरंभी स्वतःची इमारत नसते, कुणाची तरी ओसरी असते. पुढे माणसे वाढतात, दाराशी वहाणांचा ढीग पडू लागतो, आणि एक दिवस कुणीतरी म्हणतो, "अहो, आता जागेचं काहीतरी बघायला पाहिजे!"

हे वाक्य इतिहासात किती वेळा उच्चारले गेले असेल याची गणती नाही. पण त्यानंतर लोकांनी नेमके काय केले, याचा पुरावा मात्र क्वचितच हाती लागतो. कारण उघड आहे. मंडळी आणखी वाढली की जुनी जागा पाडून तिथेच मोठी इमारत उठते, आणि मधली पायरी पुसून जाते. ख्रिस्ती धर्माच्या बाबतीत असेच झाले. पौलाच्या पत्रांत अक्विला आणि प्रिस्का या नवराबायकोच्या घरी जमणाऱ्या मंडळीचा उल्लेख आहे. तिथून जी उडी मारावी लागते ती एकदम चौथ्या शतकात, सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या भव्य चर्चांपर्यंत. मधल्या काळात काय होते? वाचकहो, त्या मधल्या काळातले एक घर सापडले आहे. ते पाहायला आपल्याला सिरियात, युफ्रेटिस नदीच्या काठी जावे लागेल. आपल्या मराठी बायबलातली फरात नदी ती हीच.

गावाचे नाव दुरा-युरोपस. नदीच्या उंच कड्यावरचे, तटबंदीचे गाव. इ.स.पूर्व ३०० च्या सुमारास अलेक्झांडरच्या मागून आलेल्या ग्रीक राजांनी ते वसवले, पुढे ते पार्थियनांकडे गेले आणि इ.स. १६५ मध्ये रोमनांनी घेतले. म्हणजे सरहद्दीवरचे गाव. सरहद्दीवरच्या गावात असतात तसे सगळे नमुने इथे होते : ग्रीक बोलणारे, अरामी बोलणारे, इराणी नावांचे लोक, ज्यू, व्यापारी आणि रोमची पलटण. देवळेही तितक्याच तऱ्हांची. इ.स. २५६ च्या सुमारास इराणच्या सासानी फौजेने गाव जिंकले आणि ते ओस पडले. १९२० साली छावणीसाठी खंदक खणताना ब्रिटिश शिपायांना तिथे रंगीत भिंत दिसली. मग पुढे येल विद्यापीठ आणि फ्रेंच अकादमी यांनी मिळून मोठे उत्खनन केले. त्या उत्खननात १९३२ च्या आरंभी पश्चिम तटाला लागून असलेल्या रस्त्यावर हे घर उघडे पडले.

घर म्हणजे काय, आपल्याकडला चौकाचा वाडाच म्हणा ना! मधोमध चौक, चहूबाजूंनी खोल्या. रस्त्यावरच्या दारातून आत शिरल्यावर लगेच चौक दिसत नाही. देवडीतून वळून जावे लागते, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याची नजर आत पोचत नाही. मातीच्या विटा, वर गिलावा. गिलाव्यावर कुणीतरी एक वर्ष ओरखडून ठेवले आहे : त्यांच्या शकाचे ५४५, म्हणजे इ.स. २३२-३३. त्यानंतर थोड्याच वर्षांत, बहुतेक २४० च्या सुमारास, ही वास्तू ख्रिस्ती मंडळीच्या हाती आली आणि फेरफार सुरू झाले.

फेरफार तरी कोणते? दक्षिणेकडच्या दोन खोल्यांमधली भिंत पाडली आणि एक लांबट दालन केले, सुमारे १३ मीटर लांब आणि ५ मीटर रुंद. त्यात दाटीवाटीने सत्तरएक माणसे बसू शकतील. जमीन थोडी उचलून घेतली. पूर्वेच्या टोकाला एक ओटा बांधला, जेमतेम वीतभर उंचीचा, एका माणसाला पुरेल एवढा. मंडळीचा अध्यक्ष त्यावर बसत असावा. चौकात फरशी घातली, भिंतीकडेने बसायला बाक केले. संपले! त्या दालनात ना चित्र, ना नक्षी. उलट गंमत अशी, की पूर्वीच्या घरमालकाच्या बैठकीत चुन्याची एक नक्षीपट्टी होती, तिच्यात बॅकस या मद्यदेवतेच्या परिवारातली चिन्हे होती. ती पट्टी या लोकांनी उतरवलीसुद्धा नाही. रोज उपासनेला बसत होते तेव्हा ती डोक्यावर तशीच होती. कामाची घाई असेल, पैसा बेताचा असेल, किंवा तिकडे कुणाचे लक्षच नसेल.

मग रंग कुठे लावला? घराच्या वायव्य कोपऱ्यातल्या खोलीत. ही खोली लहान, साधारण सात मीटर बाय तीन मीटर. तिच्या पश्चिम टोकाला एक हौद बांधला आहे आणि त्यावर खांबांच्या आधाराने कमानीचे छत्र उभारले आहे. छत्राचा आतला भाग गडद निळा, त्यावर चांदण्या. कमानीवर द्राक्षे, डाळिंबे आणि गव्हाच्या लोंब्या. आणि सगळ्या भिंती चित्रांनी भरलेल्या. ही खोली बाप्तिस्म्याची, म्हणजे जो बाहेरून मंडळीत येतो आहे त्याला आत घेण्याची.

मला या घरातली सर्वांत बोलकी गोष्ट हीच वाटते. जुनी माणसे आठवड्यामागून आठवडे जिथे बसणार ती जागा कोरी. आणि नवा माणूस आयुष्यात एकदाच, थोडा वेळ जिथे उभा राहणार तिथे सगळा रंग, सगळी हौस. त्याच रस्त्यावर पुढे ज्यूंचे सभास्थान होते. त्यांनीही आपल्या वास्तूचा विस्तार याच सुमाराला, २४४-४५ साली केला, पण त्यांनी मुख्य दालनच जमिनीपासून छतापर्यंत रंगवून काढले. तेव्हा या मंडळींना भिंती रंगवणारे कारागीर मिळाले नसतील असे म्हणता येत नाही. निवड जाणूनबुजून केलेली आहे.

चित्रे कोणती, तेही बघा. हौदाच्या मागे खांद्यावर मेंढा घेतलेला मेंढपाळ, पुढे त्याचा कळप; खाली कोपऱ्यात अगदी छोटे आदाम आणि हव्वा. उत्तरेच्या भिंतीवर पक्षघाती माणूस बरा होऊन आपली बाज पाठीवर टाकून चालला आहे. शेजारी पाण्यावरून चालणारा येशू, आणि त्याच्याकडे जाताना बुडू लागलेला पेत्र; मागे गलबतातले लोक भेदरून पाहताहेत. येशूच्या आज उरलेल्या अगदी जुन्या चित्रांत यांची गणना होते. दाढी नाही, तेजोवलय नाही. साधा तरुण माणूस. दक्षिणेच्या भिंतीवर दावीद आणि गल्याथ, आणि विहिरीतून पाणी शेंदणारी एक स्त्री. बुडणारा, लुळा पडलेला, हरवलेला, तहानलेला. हौदात उतरणाऱ्याने स्वतःला कुठे पाहावे, हे चित्रकाराने त्याच्यावर सोडले आहे.

खालच्या पट्ट्यात हातांत पेटत्या मशाली घेतलेल्या बायका एका मोठ्या पांढऱ्या वास्तूकडे चालल्या आहेत. या पहाटे येशूच्या थडग्याकडे जाणाऱ्या स्त्रिया, असा अर्थ पुष्कळ वर्षे लावला गेला. २०१६ साली मायकेल पेपर्ड या अभ्यासकाने म्हटले, की ही थडग्याची वाट नाही, वराच्या स्वागताला निघालेल्या कुमारिकांची मिरवणूक आहे. आणि विहिरीवरची स्त्री शोमरोनी नसून मरिया असावी. पंडितांचा वाद अजून मिटलेला नाही. मला स्वतःला मिरवणूक अधिक पटते, कारण बायका हौदाच्या दिशेने चालल्या आहेत, आणि नवा माणूसही त्यांच्या बाजूबाजूनेच चालत जाई.

आता नवा माणूस म्हणजे कोण? वर्गात हमखास एक प्रश्न येतो : "सर, हे लोक लपूनछपूनच जमत असतील ना?" भुयारात दडून बसलेल्या ख्रिस्ती लोकांचे चित्र कादंबऱ्यांनी आणि सिनेमांनी आपल्या डोक्यात इतके पक्के बसवले आहे की विचारू नका. संकट नव्हते असे नाही. २५० साली सम्राट डेसियसने सर्वांनी देवांना बळी अर्पण करावा असा हुकूम काढलाच होता. पण या गावात फौजेची छावणी, आणि रस्त्यावरच्या घरात भिंती पाडणे, माती वाहणे, फरशी घालणे चाललेले! शेजाऱ्यांना कळले नसेल हे कसे शक्य आहे? घर बाहेरून घरासारखेच राहिले, पण आत काय चालते ते गुपित नव्हते.

आणि येणाऱ्याला कसे वागवावे, याचे नियमही सिरियातल्या जुन्या ग्रंथांत सापडतात. 'दिदाखे' नावाची छोटी पोथी आहे. तिची प्रत १८७३ साली सापडली. ती म्हणते, वाटसरू आला तर त्याला मदत करा, पण त्याने दोन-तीन दिवसांहून अधिक राहू नये; राहायचेच असेल तर कामधंदा करावा. फिरता उपदेशक तीन दिवस मुक्काम ठोकील किंवा पैसे मागेल तर तो खोटा समजावा. किती व्यवहारी माणसे ही! पाहुणचार आणि फुकटेपणा यांतला फरक त्यांना आपल्याइतकाच ठाऊक होता.

दुसरा ग्रंथ 'दिदास्कालिया', तिसऱ्या शतकातला, म्हणजे जवळजवळ या घराच्याच काळातला. तो तर बैठकव्यवस्थाच सांगतो. पूर्वेकडे अध्यक्ष आणि वडील मंडळी, मग पुरुष, मग स्त्रिया. दाराशी एक सेवक उभा असावा. परगावचा कुणी आला तर त्याची विचारपूस करून त्याला योग्य जागी बसवावे. उपदेश चालू असताना कुणी प्रतिष्ठित गृहस्थ आत आला तर अध्यक्षाने बोलणे थांबवून त्याच्यासाठी उठू नये; बसलेल्यांपैकीच कुणीतरी सरकून जागा द्यावी. पण गरीब म्हातारा किंवा म्हातारी आली, आणि जागा नसली, तर अध्यक्षाने मनापासून त्याची सोय करावी, त्यासाठी स्वतः जमिनीवर बसावे लागले तरी चालेल. हे वाचल्यावर तो वीतभर उंचीचा ओटा मला निराळाच दिसू लागला. त्यावरून खाली बसायला फारसे कष्ट पडले नसते.

बाप्तिस्मा घेणाऱ्याला आधी बरेच दिवस शिकवण दिली जाई. मग तेलाचा अभ्यंग, मग पाणी. हौद लहान आहे, तेव्हा माणसाला आत उभे करून डोक्यावरून पाणी ओतत असावेत. त्यानंतर तो ओलेत्याने बाहेर येई, अंग पुसून वस्त्र नेसे, आणि मधल्या खोलीतून त्या कोऱ्या दालनात, बाकीच्यांमध्ये, प्रभुभोजनाला जाऊन बसे. तीन दारे, काही पावले; घराची रचनाच तशी केलेली आहे.

हे सारे फार तर पंधरा-सोळा वर्षे चालले. सासानी स्वारी येणार हे दिसू लागले तेव्हा रोमन फौजेने पश्चिम तट आतून भक्कम करायला घेतला. तटाला लागून असलेला रस्ता आणि त्यावरच्या घरांत माती भरून उतार घातला. त्या मातीखाली हे घरही गेले आणि ज्यूंचे सभास्थानही. गाव वाचले नाही, पण त्या भरावाने भिंती मात्र वाचल्या. सभास्थानाची चित्रे दमास्कसच्या संग्रहालयात गेली, या खोलीची अमेरिकेत येल विद्यापीठात. ते नेण्याबद्दल वाद घालता येईल. पण २०११ नंतर सिरियातल्या यादवीत चोरट्यांनी दुरा-युरोपसची जमीन पोखरून काढली, आणि २०१४ सालच्या उपग्रहचित्रांत तटाच्या आतला बहुतेक भाग खड्ड्यांनी चाळण झालेला दिसला.

भिंतींवर चित्रांखेरीज काही नावेही ओरखडलेली आहेत. एक प्रोक्लस. दुसरा सिसेअस; तो स्वतःला दीन म्हणवतो. आपली आठवण ठेवा, एवढेच त्यांचे मागणे आहे. अक्षर सुबक नाही, एका ठिकाणी तर शब्दही चुकले आहेत. पावणेसतराशे वर्षे मातीत राहून ही नावे १९३२ साली पुन्हा वाचली गेली.