खासगीपणाच्या कायद्यात शिरताना

उत्तर प्रदेशातल्या खरक सिंगला 1941 साली दरोड्याच्या एका गुन्ह्यात पकडले होते. पुरावा मिळाला नाही, तो सुटला. पोलिसांनी मात्र त्याची हिस्ट्रीशीट उघडली ती उघडलीच. चौकीदार आणि शिपाई रात्री-अपरात्री त्याचे दार ठोठावत, झोपेतून उठवत. गाव सोडायचे तर त्याने आधी वर्दी द्यायची, मग तो जाईल तिथल्या ठाण्याला निरोप जाई. डिसेंबर 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सहा न्यायाधीशांनी रात्रीच्या या घरभेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण पाळतीचा बाकी भाग तसाच ठेवला. बहुमताच्या मते खासगीपणा हा मूलभूत हक्कच नव्हता. न्या. सुब्बाराव यांनी भिन्नमत लिहिले. या विषयात येणाऱ्या विद्यार्थ्याने सगळ्यात आधी ते वाचावे असे मला वाटते.

पुस्तकाचे पहिले प्रकरण याच खटल्यावर का, असा प्रश्न काहींना पडेल. तंत्रज्ञान-धोरण म्हटले की डोळ्यांसमोर चेहरे ओळखणारे कॅमेरे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता येते, आणि पाठोपाठ 'आपल्याला कोडिंग येत नाही' ही धास्ती. पण हिस्ट्रीशीट हेही तंत्रज्ञानच होते. माणसाची नोंद करायची, ती फायलीत जपायची, एका ठाण्याकडून दुसऱ्याकडे धाडायची. नोंद कोणी केली, कशासाठी केली, कोणाला दिली आणि पुसणार कधी, हे चार प्रश्न त्या फायलीला विचारता आले की सर्व्हरलाही विचारता येतात. सर्व्हरची उत्तरे समजून घ्यायला अभियंत्याची मदत लागेल. ती मागायला संकोच कशाला?

मराठी वाचकाला तर हे फार समजावून सांगावे लागू नये. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींची नोंदणी करून त्यांना हजेरी लावली. तो कायदा 1952 मध्ये गेला, संशय गेला नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' वाचले असेल, तर पोलिसांची नजर घरात कशी शिरते हे तुम्हाला कोणत्याही निकालपत्रापेक्षा जास्त माहीत आहे. खासगीपणा हे खात्यापित्या घरांचे चोचले आहेत असे कोणी वर्गात म्हणालेच, तर त्याला आधी हे पुस्तक द्यावे.

घटना तयार होत असताना हा हक्क कोणाला सुचलाच नव्हता असेही नाही. 1947 मध्ये डॉ. आंबेडकरांनी 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' या मसुद्यात अवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. कन्हैयालाल मुन्शींच्या मसुद्यात घर आणि पत्रव्यवहार दोन्हींचा विचार होता. विरोध झाला आणि ती कलमे अंतिम घटनेत उतरली नाहीत. त्यानंतरची सत्तर वर्षे न्यायालयाने हा हक्क तुकड्यातुकड्यांनी कलम 21 मधून बाहेर काढला.

त्या प्रवासातली एक गंमत फक्त कायद्याच्या विद्यार्थ्यालाच कळते. आधार योजनेला माजी न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी 2012 मध्ये आव्हान दिले. 2015 मध्ये सरकारने थेट मूळच उपटले: असा हक्कच नाही, हे आठ न्यायाधीशांनी 1954 मध्ये एम. पी. शर्मा खटल्यात आणि सहांनी खरक सिंग खटल्यात सांगितले आहे. आता आठांचे मत मोडायचे तर नऊ हवेत. म्हणून नऊ न्यायाधीशांचे पीठ बसले आणि 24 ऑगस्ट 2017 रोजी त्याने एकमताने खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. निकालपत्र 547 पानांचे आहे, त्यात सहा वेगवेगळी मते आहेत. सगळे एका बैठकीत वाचायचा हट्ट धरू नका.

हक्क मान्य झाला म्हणजे काम संपले असे नाही. खरे काम बारीकसारीक तपशिलात आहे, आणि मला स्वतःला या क्षेत्राची गोडी तिथेच वाटते. 2018 च्या आधार निकालातली एक गोष्ट पाहा. तुम्ही कधी, कुठे ओळख पटवली याच्या नोंदी पाच वर्षे ठेवण्याची मुभा नियमांत होती. न्यायालयाने ती सहा महिन्यांवर आणली. वरवर पाहता फक्त आकडा बदलला, पण पाच वर्षांच्या नोंदी एकत्र लावल्या की माणसाची दिनचर्या उभी राहते. किंवा मुंबई उच्च न्यायालयाचा 2019 चा विनीत कुमार निकाल घ्या. लाचेच्या प्रकरणात एका व्यावसायिकाचे फोन ऐकण्याचे तीन आदेश न्यायालयाने रद्द केले. 1885 च्या तार कायद्याला सार्वजनिक आणीबाणी किंवा सार्वजनिक सुरक्षिततेची गरज लागे, आणि यातले काहीच तिथे दिसत नव्हते. एकोणिसाव्या शतकातला कायदा आणि 2017 चा हक्क एकाच निकालपत्रात कसे जुळवले जातात, हे तिथे शिकायला मिळते.

मात्र या क्षेत्रात आलात म्हणून खासगीपणाची बाजू डोळे मिटून घेऊ नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकार कायद्याचे कलम 8(1)(ञ) बदलले. पूर्वी वैयक्तिक माहिती नाकारताना अधिकाऱ्याला त्याच कलमात सार्वजनिक हिताचा विचार करावा लागे, आता त्या कलमापुरते 'वैयक्तिक' एवढे कारण पुरते. सार्वजनिक हिताची वाट कलम 8(2) मध्ये शिल्लक आहे, पण अर्जदाराला ती आता तिथे शोधावी लागेल. रोजगार हमीच्या हजेरीपटावरची खोटी नावे गावकऱ्यांना कळतात ती नावे उघड असतात म्हणून. माझ्या मते हा बदल चुकीचा आहे, आणि खासगीपणाच्या अभ्यासकांनीच ते जोरात म्हणायला हवे होते. शेवटच्या प्रकरणात दुसरी बाजूही दिली आहे. ती वाचून माझ्याशी खुशाल भांडा.

वाट कुठून, हे विचारणारे पुष्कळ भेटतात. महाविद्यालयात हा विषय ऐच्छिक असला तर नशीब. पण त्यावाचून अडत नाही. दूरसंचार नियामक आणि मंत्रालये मसुदे प्रसिद्ध करून हरकती मागवतात. त्यासाठी ना सनद लागते, ना शिफारस. आपल्या आवडीचा एक मसुदा घ्यावा, त्यातल्या एकाच नियमावर दोन पाने लिहून पाठवावीत. 2016 मध्ये व्हॉट्सॲपच्या बदललेल्या धोरणाविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलेले याचिकाकर्तेही विद्यार्थीच होते. पुढे कोणी कंपनीत डेटा संरक्षण अधिकारी होईल, कोणी वकिली करेल, कोणी संसदेत खासदाराच्या कार्यालयात टिपणे काढेल. पगारात फरक पडेल, वाचन तेच राहील.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक काम तर वाट पाहत उभेच आहे. संमती मागणारी सूचना इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय नव्या कायद्याने नागरिकाला दिला आहे. म्हणजे बँकेची, दवाखान्याची, शाळेच्या ॲपची सूचना मराठीत लागणार, आणि ती वाचून समजली नाही तर त्या संमतीला अर्थ नाही. अशा सूचना लिहायला कायदा आणि मराठी दोन्ही येणारी माणसे लागतील. पाचव्या प्रकरणाच्या शेवटी तीन नमुने दिले आहेत. त्यातला दुसरा मुद्दाम वाईट लिहिला आहे. तो दुरुस्त करून पाहा.