बार्शी लाइटचा पाच टनी हिशेब

कच्च्या वाटेने बैलगाडीत बसून गेलेल्या माणसाला कमानीचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. चाक खड्ड्यात गेले की दणका थेट माकडहाडाला पोचतो. टांग्याला खाली पोलादी पाटे असतात, ते दबतात नि पुन्हा उसळतात, आणि निम्मा दणका वाटेतच जिरून जातो. हाच दणका इंजिनियरच्या कागदावर आला म्हणजे त्याचा आकडा होतो. आपल्या सोलापूर जिल्ह्यात अशा एका आकड्यावर अख्खा रेल्वेमार्ग उभा राहिला. त्याची हकीकत आज तुम्हांला सांगायची आहे.

१८६० साली ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे सोलापुरास येऊन पोचली, पण बार्शी बाजूलाच राहिली. निजामी मुलखाच्या शिवेवरची ही मोठी पेठ. कापूस म्हणा, धान्य म्हणा, सगळा माल वीस-एकवीस मैल बैलगाडीने कुर्डूवाडीला न्यावा लागे. त्या स्टेशनाचे तेव्हाचे नाव 'बार्शी रोड'. नाव वाचून तिथे उतरणाऱ्या परक्या माणसाची काय फसगत होत असेल ती असो!

एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाचा इंग्रज इंजिनियर १८८२ साली याच रेल्वेच्या नोकरीत आला होता. मोठा हिकमती गृहस्थ. त्याला घोड्यांचा भारी नाद, आणि उतारवयात त्याने विमानातून उडी टाकायच्या छत्र्याही बनवल्या. बार्शीला छोटी रेल्वे न्यावी, असे त्याच्या मनाने घेतले. पुष्कळ खटपटीनंतर १८९५ साली लंडनमध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी निघाली. रुळांमधले अंतर ठरले अवघे अडीच फूट.

आता त्याचा हिशेब बघा. रूळ किती जाड हवा, हे गाडीच्या एकूण वजनावर ठरत नाही. सगळ्यांत जड आंस किती भार टाकतो, यावर ते ठरते. मागचे डबे कितीही हलके असले तरी इंजिनाचा एक आंस जड असला, की त्या एकट्यासाठी सबंध मार्गावर जाड रूळ घालावा लागतो. पैसा बुडतो तो इथे. काल्थ्रॉपने नियम बांधला : इंजिन असो, वाघीण असो, एका आंसावर पाच टनांपेक्षा जास्त भार नाही. मग दर वाराला तीस पौंड वजनाचा रूळ पुरला. मोठ्या रेल्वेचे रूळ याच्या दुपटीहून जड असत.

पण इंजिन तर वजनदार हवेच, नाही तर चाके जागच्या जागी फिरतील. त्यावर तोड अशी, की वजन कमी करायचे नाही, वाटून टाकायचे. लीड्सच्या किट्सन कंपनीने बांधलेल्या इंजिनांना ओढणारी चाके आठ, आणि मागे चार चाकांची बोगी. आंस झाले सहा. म्हणजे तीस टनांपर्यंत मुभा. वाघिणीला चार आंस, म्हणजे मालासकट वीस टन. यातले वाघिणीचे स्वतःचे वजन जितके कमी, तितका कापूस जास्त! म्हणून गाड्यांचे सांगाडे पोलादी पत्रा साच्यात दाबून बनवलेले.

गुरुजींनी हे वर्गात करून दाखवावे. वहीचा कागद दोन पुस्तकांवर पुलासारखा ठेवून वर एक रुपया ठेवा. कागद वाकून पडेल. त्याच कागदाच्या दोन्ही कडा उभ्या दुमडून पन्हळ करा. आता रुपया राहतो. कागद तोच, वजन तेच, पण ताकद आकाराने आली.

आणि कमानी? पाच टन हा उभ्या गाडीचा आकडा. गाडी धावू लागली, एक चाक रुळाच्या सखल भागावर आले, की त्याच्या वाट्याचा भार बाकीच्या चाकांवर सरकतो आणि घटकाभर पाचाचे सहा व्हायला बघतात. कमान अशा वेळी लांबते, चाकाला रुळावर दाबून धरते, आणि वाटणी बिघडू देत नाही. कमान नुसत्या बसणाऱ्याच्या सुखासाठी असते, हा आपला गैरसमज आहे.

कागदावरचे गणित रुळावर उतरते का, हे पाहायला लीड्सजवळ न्यूले येथे मुद्दाम चाचणीचा मार्ग घातला आणि जाणकारांसमोर गाड्या चालवून दाखवल्या. माझ्या मते काल्थ्रॉपचे खरे शहाणपण हेच. वाघिणीचा सांगाडा पिचायचाच असेल तर तो कारखान्याच्या दारात पिचावा. माढ्याच्या माळावर, पावसाळ्यात, माणसे बसलेली असताना पिचू नये.

१८९७ साली कुर्डूवाडी-बार्शी गाडी सुरू झाली. १९०६ साली ती पंढरपुरास पोचली, १९११ साली लातुरास, आणि १९२७ साली मिरजेस. त्याच वर्षी काल्थ्रॉप वारला. आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांची केवढी गर्दी या गाडीने वाहिली! चालत्या गाडीतून उतरून पुन्हा चढता येते, अशी तिची थट्टा पुष्कळांनी केली. थट्टा करणाऱ्यांनी तिच्या रुळाची जाडी कधी पाहिली नसावी. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली, आणि पुढे एकविसाव्या शतकात तिचे मार्ग रुंद झाले.

या गोष्टीला एक फाटा आहे. १८८२ साली सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद. लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत त्यांनी रेल्वेची कंत्राटे घ्यायला सुरुवात केली, ती बार्शी लाइटच्याच वाढीव मार्गाच्या कामापासून. पुढे १९४४ साली त्यांनी प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून इटलीच्या फियाटच्या नमुन्याची मोटार निघू लागली. १९७४ पासून तिला 'पद्मिनी' म्हणू लागले. पुढे वेटोळ्याच्या स्प्रिंगा, आणि मागे टांग्यासारखेच पोलादी पाटे. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी ती हीच. त्यांतली शेवटची २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली.