लवंग, जस्त आणि सोडा फाउंटन

दाढ ठणकू लागली की तिच्याखाली लवंग धरावी, हा आपल्याकडचा पिढीजात उपाय. मुखशुद्धी, रुची आणि सुगंध यांसाठी तोंडात धरावयाच्या द्रव्यांत चरकसंहितेनेही लवंगेचा समावेश केला आहे. लवंगेच्या तेलातील प्रमुख रसायन म्हणजे युजेनॉल. वेदनेचा संदेश नेणाऱ्या चेतातंतूंतील सोडियम-वाहिन्यांना ते अटकाव करते, म्हणून ठणका शमतो. कीड मात्र दात पोखरतच राहते.

वेदनाशमन आणि उपचार यांतील हे अंतर एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घटू लागले. झिंक ऑक्साइडच्या भुकटीत लवंगेचे तेल खलले असता युजेनॉलचे दोन रेणू जस्ताच्या एका आयनाला जखडतात आणि मिश्रण घट्ट होते. कीड कोरून काढल्यावर उरलेली पोकळी त्याने तात्पुरती बुजवता येते. या अभिक्रियेला पाणी चालना देते. त्यामुळे कलकत्त्यासारख्या उष्ण, दमट शहरात ते अधिक लवकर आवळते. भुकटी किती, तेल किती, ते कधी भरावे, हे ज्ञान शिकलेल्या हातालाच येते.

असे हात घडवणारे देशातील पहिले दंत महाविद्यालय १९२० साली कलकत्त्यात निघाले. संस्थापक डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९१५ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून दंतवैद्यकाची पदवी घेतली होती. महाविद्यालयाच्या खर्चासाठी त्यांनी शहरात ‘न्यूयॉर्क सोडा फाउंटन’ काढले. शीतपेयांच्या कमाईवर दातांचे शास्त्र शिकवले जाऊ लागले! येथे शिकलेल्या फातिमा जिना यांनी १९२३ मध्ये मुंबईत स्वतःचा दवाखाना थाटला. त्या काळात एका स्त्रीसाठी ही असाधारण गोष्ट होती.

दंतवैद्यांच्या नोंदणीचा देशव्यापी कायदा १९४८ साली आला. पुढच्याच वर्षी अहमद यांनी आपले महाविद्यालय सरकारच्या स्वाधीन केले. सियालदहपासून जवळच, आचार्य जगदीशचंद्र बोस मार्गावर, ते आज त्यांच्याच नावाने उभे आहे. १९६४ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. २४ डिसेंबर हा त्यांचा जन्मदिन राष्ट्रीय दंतवैद्य दिन म्हणून पाळला जातो.

युजेनॉलच्या मर्यादाही आता स्पष्ट आहेत. अधिक मात्रेत ते पेशींना घातक ठरते, आणि मुक्त मूलके टिपत असल्याने रेझिनच्या आधुनिक भरणीचे बहुलकीकरण अडवते. लवंग घरोघरी होतीच. तिचा ठणक्यावरचा दिलासा आणि दात वाचवणारा उपचार यांमधले अंतर भरून काढण्यास रसायनशास्त्राइतकीच एका शाळेची गरज होती.