खिडकी-सफाईचा दर कसा ठरवावा? ब्रिटनमधील ‘राउंड’चे अर्थकारण

दर चार किंवा आठ आठवड्यांनी येऊन घराच्या खिडक्या बाहेरून धुऊन जाणारा माणूस हे ब्रिटनमधील निवासी वस्त्यांतले नेहमीचे दृश्य आहे. या व्यवसायात शिरणे सोपे, भांडवल बेताचे आणि ग्राहक कायमस्वरूपी. त्यामुळे नोकरी गेल्यावर किंवा नोकरीचा कंटाळा आल्यावर अनेकांची नजर त्याकडे वळते. टिकून राहणे मात्र तितके सोपे नाही. त्याचे कारण बहुधा कष्टात नसून पहिल्या महिन्यात घाईने सांगितलेल्या दरात असते.

या व्यवसायाचा कणा म्हणजे ‘राउंड’. आपल्याकडील दुधाच्या किंवा वर्तमानपत्राच्या रतीबासारखीच ही व्यवस्था आहे: ठरलेल्या गल्ल्या, ठरलेली घरे, ठरलेला फेरा. बांधलेला राउंड विकताही येतो आणि त्याची किंमत महिन्याच्या उत्पन्नाच्या पटीत बोलली जाते. म्हणून दर ठरवताना एका खिडकीचा नव्हे, तर संपूर्ण फेऱ्याचा विचार करावा लागतो.

नवखा माणूस शेजारच्या विंडो क्लीनरचा दर विचारतो आणि त्याहून एक पौंड कमी सांगतो. योग्य दिशा याच्या उलट आहे. वर्षाला किती हवे, येथून सुरुवात करून घरामागच्या दरापर्यंत खाली उतरावे. उदाहरणादाखल, करपूर्व नफा ३६,००० पौंड हवा आहे असे धरू. व्हॅन, इंधन, विमा, पाण्याचे फिल्टर, काठ्या, ब्रश, फोन यांसाठी ७,००० पौंड धरले, तर उलाढाल ४३,००० हवी. वर्षाच्या ५२ आठवड्यांतून चार सुट्टीचे, एक आजारपणाचा आणि तीन वादळ-हिमाचे वजा केले की ४४ उरतात. म्हणजे आठवड्याला सुमारे ९७७ आणि दिवसाला १९५ पौंड.

खरी फसगत यापुढे होते. साडेसात तासांच्या दिवसात प्रत्यक्ष काचेवर जाणारा वेळ पाच तासांहून फारसा अधिक नसतो. उरलेला वेळ प्रवास, पाणी भरणे, बंद फाटकापुढे थांबणे आणि थकलेल्या पैशांचा पाठपुरावा यात जातो. १९५ ला साडेसातने भागले तर २६ येतात, पाचने भागले तर ३९. दर या दुसऱ्या आकड्यावर बेतायचा. पाइप सोडण्यापासून गुंडाळण्यापर्यंत एका घराला वीस मिनिटे लागत असतील, तर त्या घराचा दर १३ पौंड. दिवसाला पंधरा घरे झाली की हिशेब जुळतो.

पण ती पंधरा घरे जवळजवळ असली पाहिजेत. तीच घरे शहरभर विखुरली आणि दिवसाला दहाच झाली, तर उत्पन्न १३० पौंडांवर येते. वर्षाची उलाढाल २८,६०० आणि खर्च वजा जाता हाती २१,६००. दर तोच, मेहनत तीच, तरी १४,४०० पौंडांचा फरक केवळ रस्त्यावर सांडतो. म्हणून एकाच गल्लीतल्या सहाव्या घराला पौंडभर सवलत देणे शहाणपणाचे ठरू शकते. दूरच्या उपनगरातल्या एकुलत्या एका घराला देणे नाही.

दर ग्राहकाला तासावर नव्हे, घरामागे सांगावा. हात सराईत झाल्यावर वेळ वाचतो, त्याचा लाभ कामगारालाच मिळाला पाहिजे. घर ओळीतले की स्वतंत्र, काचेची कॉन्झर्व्हेटरी आहे का, मागील अंगणात पाइप पोहोचतो का, हे पाहूनच आकडा द्यावा. पहिल्या सफाईत चौकटींवरचा जुना मळ काढावा लागतो, म्हणून तिचा दर दीडपट ते दुप्पट लावण्याची पद्धत आहे आणि ती न्याय्य आहे. आठ आठवड्यांच्या ग्राहकालाही थोडा चढा दर असावा, कारण काच अधिक मळते. शिवाय दिवस भरण्यासाठी चार आठवड्यांची ३०० घरे पुरतात, तर आठ आठवड्यांची ६०० जमवावी लागतात.

खर्चाच्या बाजूला पाणी ही दुर्लक्षित बाब आहे. आज बहुतेक काम लांब काठीतून शुद्ध पाणी सोडून जमिनीवरूनच होते. उंचीवरील कामाविषयीच्या २००५ च्या नियमांनी शिडीचा वापर टाळण्याकडे कल वाढवला. नळाचे पाणी वाळल्यावर क्षारांचे डाग पडतात, म्हणून ते गाळावे लागते. लंडन व आग्नेय इंग्लंडचे पाणी जड असल्याने तेथे फिल्टर लवकर संपतात. स्कॉटलंडमध्ये हा खर्च हलका. मात्र तेथे अनेक ठिकाणी स्थानिक परिषदेचा परवाना लागतो.

दरवाढीची भीती सर्वांनाच असते. माझ्या घरी येणाऱ्या गृहस्थांनी एक पौंड वाढवल्याची चिठ्ठी टाकली, तेव्हा मला ती वाढ चहा गार होईपर्यंतसुद्धा आठवली नाही. वरील उदाहरणात ३०० घरे, वर्षाला अकरा फेरे आणि एक पौंड वाढ म्हणजे ३,३०० पौंड. वीस ग्राहक सोडून गेले तरी २८० घरांचे १४ पौंडांनी ४३,१२० होतात. पूर्वीच्या ४२,९०० हून अधिक, आणि काम कमी.

३६,००० चा नफा म्हणजे ३६,००० चा पगार नव्हे. त्यात भरपगारी रजा नाही, मालकाचे पेन्शन-योगदान नाही. २०२५-२६ च्या इंग्लंडमधील दरांनुसार, दुसरे उत्पन्न नसल्यास, आयकर ४,६८६ आणि राष्ट्रीय विम्याचा हप्ता सुमारे १,४०६ पौंड होतो. पहिल्या जानेवारीत या ६,०९२ पौंडांसोबत पुढील वर्षाचा निम्मा आगाऊ करही भरावा लागतो, म्हणजे एकूण सुमारे ९,१३८. प्रत्येक पावतीतला ठरावीक हिस्सा वेगळ्या खात्यात न टाकणारे येथेच अडखळतात. माणसे ठेवून उलाढाल ९०,००० पौंडांपलीकडे गेल्यास व्हॅट लागू होतो. घरगुती ग्राहकाला तो परत मिळत नाही, त्यामुळे दर १३ च ठेवल्यास आपल्या हाती १०.८३ पौंड उरतात.

आपल्या वाचकांसाठी एक बाब कळीची. स्किल्ड वर्कर व्हिसाच्या मुख्य धारकाला हे काम जोडधंदा म्हणूनही करता येत नाही. विद्यार्थी व्हिसावर स्वयंरोजगाराला मनाई आहे. स्किल्ड वर्करच्या जोडीदाराला आणि कायम वास्तव्य मिळालेल्यांना मात्र तो करता येतो. उलाढाल वर्षाला १,००० पौंडांवर गेली, तर ते करवर्ष संपल्यानंतरच्या ५ ऑक्टोबरपूर्वी कर खात्याकडे नोंदणी करावी लागते.