लढाईची तारीख आणि मिस्त्रीचा हात

साखरखेर्डा म्हटलं की आपल्याला 1724 आठवतं. त्या ऑक्टोबरात इथं निजाम-उल्-मुल्कानं मुबारिझखानाला हरवलं. खान पडला, हैदराबादची असफजाही उभी राहिली आणि गावाला ‘फत्तेखेर्डा’ हे नाव मिळालं. एवढं आपण पाठ म्हणतो. पण याच मुलखात मोटार आली आणि ती मोडली तेव्हा तिला कोणी उभं केलं, हे आपण कुठंच लिहून ठेवलं नाही. आज त्याबद्दल बोलू.

फोर्डची मॉडेल टी 1908 ते 1927 या काळात दीड कोटीच्या वर निघाली. हिंदुस्थानात येणाऱ्या फोर्ड बहुतेक कॅनडात बनलेल्या. जनरल मोटर्सनं मुंबईत शिवडीला जुळणी सुरू केली ती 1928 साली. म्हणजे त्याआधी सुटा भाग हवा तर बोटीची वाट बघा. बुलढाणा शहराला तर आजही रेल्वे नाही. मग गाडी पडून राहायची का? नाही, मिस्त्री होते ना.

या गाड्यांचं अवघड दुखणं म्हणजे बेअरिंग. आजच्यासारखी तयार शेल बदलून टाकायची सोय नव्हती. कनेक्टिंग रॉडच्या पोटात व्हाइट मेटल ओतलेलं असे. त्यात मुख्यतः कथील, थोडं अँटिमनी आणि तांबं. तेल कमी पडलं की ते वितळायचं आणि इंजिन ठोके द्यायला लागायचं.

दुरुस्ती अशी. जुना धातू काढायचा, रॉड स्वच्छ करून त्याला कल्हई द्यायची, साच्यात धरून नवा रस ओतायचा. रस थंड असला तर चिकटत नाही, फार तापला तर धातू बिघडतो. तापमापक नसेल तर लाकडाची काडी बुडवायची आणि ती किती करपते त्यावरून ताप ओळखायचा. मग क्रँकला निळा रंग लावून फिरवायचं, जिथं रंग उमटेल तिथं स्क्रॅपरनं खरवडायचं. पुन्हा रंग, पुन्हा खरवड. कॅपखालच्या पातळ पत्र्यांनी सैल-घट्ट बसवायचं. घाई केली तर सगळं पहिल्यापासून.

आपण याला ‘जुगाड’ म्हणून मोकळे होतो. मंडळी, हा जुगाड नव्हे. यात धातूचं ज्ञान आहे, मोजमाप आहे. फक्त ते कागदावर नाही, हातात आहे. आणि हात थकला की तेही जातं. निजामाच्या लढाईचं दप्तर उरलं, कारण तिथं लिहिणारे होते. गॅरेजात लिहिणारा कोणी नव्हता.

म्हणून एक विनंती. आपापल्या गावातल्या म्हाताऱ्या मिस्त्रींकडे वही घेऊन जा. त्यांना विचारा, ‘काका, ठोका ऐकून कुठला रॉड गेलाय ते कसं ओळखायचात?’ आणि जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरवा. तोही साखरखेर्ड्याचा इतिहासच आहे.