स्वस्तातला साडेचारशे

कमी पैशांत खेळांसाठी घरीच संगणक जुळवणाऱ्यांच्या इतिहासात १९९८चा ऑगस्ट विसरता येत नाही. त्या महिन्यात इंटेलने ४५० मेगाहर्ट्झचा पेंटियम २ आणला आणि १४९ डॉलरचा सेलेरॉन ३००एसुद्धा. पेंटियमची किंमत चौपटीहून जास्त.

एप्रिलमध्ये आलेला पहिला सेलेरॉन रडतखडत चाले, कारण त्यात एल२ कॅशच नव्हती. ३००एमध्ये ती १२८ केबी होती. पेंटियमच्या मानाने पावपट, पण चिपवरच बसवलेली आणि प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने धावणारी. पेंटियमची कॅश निम्म्या वेगाने चाले.

खरी किमया पुढे होती. गुणक साडेचारवर पक्का, त्यामुळे बस ६६ऐवजी १०० मेगाहर्ट्झवर नेली की ३००चे थेट ४५० होत! एबिटच्या बीएच६ मदरबोर्डवर हे बायोसमधूनच जमे. ज्या बोर्डात ही सोय नव्हती, तिथे लोक प्रोसेसरच्या बी२१ या संपर्कपट्टीवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावत. मग बोर्ड आपणहून १००ची बस देई. प्रत्येक चिप हा ताण सोसेच असे नाही, पण पुष्कळशा सोसत.

वाचलेले पैसे ग्राफिक्सवर घालणे हा सर्वांत शहाणा हिशेब होता: 'क्वेक २'साठी व्हूडू२ कार्ड.